नवे विमान, जुना पाय

चार वर्षांपूर्वी मी सात रस्त्याजवळ स्कूटरवरून पडलो. फार लागले नाही. गुडघा खरचटला, पँट फाटली आणि चारचौघांत मान खाली गेली, एवढेच. पण त्या पडण्याचा अर्थ कळायला मला गेल्या दिवाळीपर्यंत थांबावे लागले. तो अर्थ समजावला माझ्या भाचीने, आणि तोही विमानाच्या पुस्तकातून.

त्याचे असे झाले. तीस वर्षे मी बजाज चेतक चालवली. डाव्या मुठीत क्लच आणि गिअर, उजव्या पायाखाली मागचा ब्रेक. निवृत्तीनंतर मुलाने हौसेने गिअर नसलेली नवी स्कूटर घेऊन दिली. सकाळी गाडी तिरकी करायला नको, किक मारायला नको, बटण दाबले की चालू. महिनाभर मी तिच्यावर बेहद्द खूश होतो. मग एका संध्याकाळी एक मुलगा चेंडूमागे रस्त्यात धावत आला. माझा उजवा पाय दाणकन खाली गेला. पायाखाली ब्रेक नव्हता. नुसती सपाट जागा होती. डाव्या हाताने क्लच समजून जे आवळले, तो निघाला मागचा ब्रेक. गाडी घसरली. मुलगा सुखरूप राहिला, मी रस्त्यावर. मला उठवणाऱ्या रिक्षावाल्याने विचारले, ‘काका, ब्रेक हातात असतोय की ओ!’

तसे मलाही ठाऊक होते. महिनाभर मी हातानेच ब्रेक दाबत होतो. पण जिवावर बेतले तेव्हा डोक्याने नव्हे, पायाने निर्णय घेतला. आणि पाय अजून चेतकवरच होता.

माझी भाची वैमानिक होण्याचे शिक्षण घेते आहे. घराण्यात विमानात बसलेलीच माणसे मोजकी, तिथे ही पोरगी विमान चालवायला निघाली. तिच्या वडिलांचे यंत्रमाग आहेत. त्यांनी बँकेचे मोठे कर्ज काढले, बहिणीने दागिने मोडले, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून काळजी वाटून घेतली. दिवाळीला ती घरी आली, तेव्हा फराळाच्या ताटाशेजारी तिने दोन जाडजूड पुस्तके ठेवली. मी तंत्रशाळेत यंत्रशाळा शिकवण्यात उभे आयुष्य घालवलेले. यंत्राचे पुस्तक दिसले की चिवडा विसरणारा माणूस. ‘मामा, तुम्हीच बघा की,’ ती म्हणाली, ‘एकच विमान आहे, नाव तेच, दिसते तसेच. पण हे जुने आणि हे नवे. आमच्याकडे दोन्ही आहेत. परीक्षा नव्यावर द्यायची आणि सरावाला जे मोकळे असेल ते.’

विमानाचे नाव डायमंड डीए-४२. ऑस्ट्रियातल्या कंपनीचे, दोन इंजिनांचे, चार आसनांचे. आपल्याकडे गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावर नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूट ही संस्था २००८ पासून सुरू झाली, तिथेही याच कंपनीची एका इंजिनाची डीए-४० आणि दोन इंजिनांची डीए-४२ विमाने शिक्षणासाठी वापरली गेली आहेत. म्हणजे हे काही दूरदेशीचे नवल नाही. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांतली मुले याच विमानावर दोन इंजिनांचे पहिले धडे गिरवतात.

व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी आपल्याकडे दोनशे तासांचे उड्डाण लागते. त्यातले बहुतेक तास एका इंजिनाच्या विमानावर जातात. दोन इंजिनांवरचे तास बहुधा पंधरा ते पंचवीसच. कारण सरळ आहे, ते तास फार महाग असतात. पण पुढे नोकरी ज्या विमानांवर मिळते, ती बहुतेक दोन इंजिनांची. तेव्हा या थोड्या तासांत जे शिकायचे ते आयुष्यभराची शिदोरी.

आणि काय शिकायचे? माझ्या बहिणीची समजूत होती की, दोन इंजिने म्हणजे दुप्पट सुरक्षितता. एक गेले तर दुसरे आहेच. माझीही तशीच होती. भाचीने ती पहिल्या दहा मिनिटांत पुसून टाकली. बैलगाडीच्या जोडीतला एक बैल मटकन बसला तर गाडी निम्म्या वेगाने सरळ जात नाही. ती गर्रकन वळते. तसेच हे आहे. एक इंजिन बंद पडले की चालू इंजिन विमानाचे नाक बंद इंजिनाकडे फिरवते. ताकद निम्मी जाते, पण वर चढण्याची क्षमता निम्मी होत नाही; लहान विमानात ती ऐंशी टक्क्यांहून अधिक घटते. कारण बहुतेक ताकद विमान नुसते हवेत ठेवण्यातच खर्ची पडते. चढायला उरते ती वरकड, आणि जाते तीच. शिवाय प्रत्येक विमानाची एक ठराविक गती असते. एका इंजिनावर त्या गतीच्या खाली गेलात, तर शेपटीचे सुकाणू पुरे पडत नाही आणि विमान उलथते. तेव्हा दोन इंजिनांचे विमान चालवायला शिकणे म्हणजे खरे तर ते एका इंजिनावर चालवायला शिकणे.

आता जुने आणि नवे यांतला फरक.

आधीच्या पिढीचे एक नावाजलेले शिकाऊ विमान म्हणजे अमेरिकेतले पायपर सेमिनोल. १९७८ साली ते प्रमाणित झाले आणि सुधारून अजून बनते. त्यात वैमानिकाच्या उजव्या हाताशी सहा लिव्हर. प्रत्येक इंजिनाला तीन: एक ताकदीची, एक पंख्याच्या पात्यांचा कोन बदलण्याची, एक पेट्रोल-हवेच्या मिश्रणाची. एक इंजिन गेले की पाठ केलेला क्रम सुरू. सगळ्या लिव्हर पुढे. चाके वर. मग कोणते इंजिन गेले ते ओळखा. त्यासाठी जगभर एकच युक्ती शिकवतात: विमान सरळ ठेवण्यासाठी जो पाय दाबावा लागत नाही, जो सुस्त पडलेला आहे, त्या बाजूचे इंजिन मेलेले. मग त्याच बाजूची ताकदीची लिव्हर हळूच मागे घेऊन खात्री करा. काही फरक पडला नाही तर ओळख बरोबर. मगच त्या पंख्याची पाती वाऱ्याला कड देऊन उभी करा. नाहीतर ती सुपासारखी आडवी राहून वारा अडवतात आणि विमान खाली खेचतात.

डीए-४२ ने हे सगळे सोपे केले. डिसेंबर २००२ मध्ये ते प्रथम उडाले. दोन इंजिनांना दोनच लिव्हर. मिश्रण, पात्यांचा कोन, सगळे इंजिनाचा संगणक पाहतो. मेलेल्या इंजिनाची पाती उभी करायची तर त्या इंजिनाचा मुख्य स्विच बंद करायचा. बाकीचे यंत्र आपण होऊन करते. गोल तबकड्यांच्या जागी दोन मोठे पडदे आले. आणि इंजिने? ती मर्सिडीझ मोटारीच्या डिझेल इंजिनावरून घडवलेली. ऑगस्ट २००४ मध्ये या विमानाने कॅनडाच्या किनाऱ्यावरून निघून न थांबता पोर्तुगाल गाठले, सुमारे साडेबारा तासांत.

डिझेलचा फायदा आपल्या देशाला विशेष होता. जुन्या विमानांना लागते ते खास विमानी पेट्रोल, तेही शिसे मिसळलेले. ते आपण बाहेरून आणत होतो. इंडियन ऑइलने वडोदऱ्याच्या शुद्धीकरण कारखान्यात तयार केलेले पेट्रोल बाजारात आणले ते सप्टेंबर २०२२ मध्ये. डीए-४२ मात्र मोठ्या जेट विमानांच्या इंधनावर चालते, आणि ते प्रत्येक मोठ्या विमानतळावर मिळते. आता यातही एक मेख आहेच. ज्या शाळेत दोन्ही प्रकारची विमाने आहेत, तिथे पेट्रोलच्या विमानात चुकून जेटचे इंधन भरले, तर उड्डाणानंतर इंजिन बंद पडलेच म्हणून समजा. पूर्वी ही चूक करायला वावच नव्हता. सोय आली, तिच्याबरोबर नवी चूकही आली.

मग भाचीने दुसरे पुस्तक उघडले. डीए-४२ मध्येही जुने आणि नवे आहे. पहिल्या विमानांतली इंजिने जर्मनीतल्या थीलर्ट कंपनीची, प्रत्येकी १३५ अश्वशक्तीची. त्यांचा गिअरबॉक्स दर तीनशे तासांनी काढून तपासणीला पाठवावा लागे. एप्रिल २००८ मध्ये ही कंपनी दिवाळखोरीत गेली. हमी रद्द झाल्या, सुट्या भागांच्या किमती चढल्या, आणि जगभरातल्या शाळांची धडधाकट विमाने जमिनीवर बसली. डायमंडने मग स्वतःच इंजिन काढले, तेही मर्सिडीझच्याच डिझेल इंजिनावरून. १६८ अश्वशक्तीचे हे इंजिन बसवलेले नवे डीए-४२ २००९ मध्ये युरोपात प्रमाणित झाले. २०१२ मध्ये त्याची आणखी सुधारित आवृत्ती आली. पंख्यांच्या पात्यांचा आकार बदलला, इंजिनांची वेष्टने सुबक झाली, वेग वाढला.

वाचताना वाटते, सगळे चांगलेच झाले. आणि झालेच आहे. पण यंत्रात फुकट काही मिळत नाही. नवे इंजिन जड आहे. विमानाचे कमाल वजन १७८५ किलोवरून आधी १९०० आणि मग १९९९ किलोवर गेले. चालू इंजिनाची ताकद जितकी जास्त, तितके ते नाक जोराने फिरवते. म्हणजे जुन्या विमानावर पाठ केलेले वेगाचे आकडे नव्यावर चालत नाहीत. सेमिनोलचे दोन पंखे एकमेकांच्या उलट दिशेने फिरतात, त्यामुळे कोणतेही इंजिन गेले तरी त्रास सारखाच. डीए-४२ चे दोन्ही पंखे एकाच दिशेने फिरतात, आणि डावे इंजिन गेले तर ओढ अधिक बसते. नाव, रंग, आसने सारखी. पण पायाला लागणारे बळ वेगळे. माझ्या डोळ्यांपुढे सात रस्ता उभा राहिला.

आता आपल्या सोलापूरचेच घ्या. आपला विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ४८० मीटरवर. मे महिन्यात दुपारी पारा ४२ अंशांवर गेला की हवा इतकी विरळ होते, की विमानाच्या हिशेबी ते दीड हजार मीटरच्या वर उभे असते. म्हणजे आपण होटगी रस्त्यावर घामाच्या धारा पुसत असतो आणि विमानाला वाटते, आपण महाबळेश्वरच्याही वर आहोत. डीए-४२ च्या इंजिनांना टर्बो असतो, त्यामुळे त्यांची ताकद टिकते; सेमिनोलसारख्या साध्या इंजिनाची ती घटते. पण पंखांना आणि पंख्यांना टर्बो नसतो. त्यांना विरळ हवाच कापावी लागते. नवे विमान असो वा जुने, उन्हाळ्याने कोणाला सवलत दिलेली नाही.

संगणकाने धोका कमी केला, यात शंका नाही. पण उरलेला धोका कुठे जाऊन बसला, हे पाहण्यासारखे आहे. ४ मार्च २००७ रोजी जर्मनीत श्पायर येथे एक जुने डीए-४२ निघाले. त्याची बॅटरी पार उतरलेली होती. बाहेरच्या वीजपुरवठ्यावर इंजिने सुरू केली. इंजिने छान चालू लागली. विमान उचलले आणि वैमानिकाने चाके वर घेण्याची कळ दाबली. चाके ओढणारी यंत्रणा विजेवर चालते. तिने एकदम वीज खेचली, क्षणभर दाब घसरला, बॅटरीत काहीच नसल्याने तो सावरला नाही, आणि दोन्ही इंजिनांचे संगणक एकाच वेळी बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागले. दोन्ही इंजिने थांबली. विमान धावपट्टीपलीकडे आदळले. सुदैवाने जीवितहानी झाली नाही.

विचार करा. सहा लिव्हरच्या विमानात बॅटरी मेली तरी इंजिन थांबत नाही; त्याच्या ठिणगीची सोय स्वतंत्र असते. इथे दोन इंजिने होती, पण ती एका उतरलेल्या बॅटरीच्या दोरीला बांधलेली होती. यानंतर इंजिनांच्या संगणकांना राखीव बॅटऱ्या देण्यात आल्या. नव्या विमानात त्या असतातच. दोष दुरुस्त झाला. पण जुन्या विमानावर ज्याचे हात बसले, त्याच्या दृष्टीने उतरलेली बॅटरी ही किरकोळ अडचण असते. धक्का मारून चालू केलेल्या मोटारीसारखी. नव्यात ती किरकोळ नाही, हे त्याला कोणीतरी मुद्दाम सांगावे लागते.

माझे मेहुणे हे सगळे ऐकत होते. ते म्हणाले, ‘हे आमच्या मागासारखेच झाले.’ सोलापुरी चादरीची नक्षी जॅकार्डच्या मागावर पुठ्ठ्याच्या भोके पाडलेल्या कार्डांनी उमटते. नक्षी बिघडली की जुना कारागीर कार्डांची माळ चाळतो आणि फाटलेले कार्ड हाती लागते. इलेक्ट्रॉनिक जॅकार्डमध्ये कार्डेच नाहीत. नक्षी सफाईदार, बदलायला पाच मिनिटे. पण बिघाड झाला की कारागीर कार्डे शोधतो, ती नसतात, आणि बाहेरगावचा माणूस येईपर्यंत माग उभा राहतो. ‘माग नवा आणला,’ मेहुणे म्हणाले, ‘पण कारागिराला फरक कोणी शिकवला नाही. दोन महिने नुकसान सोसले.’ मागाचे नुकसान पैशांत मोजता येते. विमानाचे तसे नाही.

हा फरक न शिकवल्याची किंमत जगाने मोजलेली आहे. ८ जानेवारी १९८९ रोजी इंग्लंडमध्ये केगवर्थ गावाजवळ एक बोइंग ७३७ महामार्गाच्या बांधावर कोसळले. १२६ माणसांपैकी ४७ दगावली. ते विमान ७३७ ची अगदी नवी, ४०० क्रमांकाची आवृत्ती होती. हवेत असताना त्याच्या डाव्या इंजिनातले एक पाते तुटले. विमान थरथरले, धूर आला. धूर हवेच्या झडपांतून येतो आहे आणि ती हवा मुख्यतः उजव्या इंजिनाकडून येते, अशी वैमानिकाची जुनी समजूत. नव्या आवृत्तीत ती रचना तशी राहिलेली नव्हती. इंजिनाची थरथर दाखवणारे मापक जुन्या विमानांत भरवशाचे नसत, म्हणून वैमानिक त्याकडे पाहत नसत. नव्यात ते भरवशाचे होते, पण छोटे होते आणि सवय जुनी होती. त्यांनी चांगले, उजवे इंजिन बंद केले. योगायोगाने थरथर कमी झाली आणि निर्णय बरोबर वाटला. मागे बसलेल्या काही प्रवाशांनी डाव्या इंजिनातून ठिणग्या पाहिल्या होत्या. वैमानिकाने उजवे बंद केल्याचे सांगितले, तेव्हा ते बुचकळ्यात पडले. पण कोणी बोलले नाही. उतरण्याच्या बेतात असताना डावेही गेले. नव्या आवृत्तीसाठी या वैमानिकांना मिळालेले शिक्षण म्हणजे एक दिवसाचा दृक्‌श्राव्य वर्ग. त्या विमानाचा सिम्युलेटर तेव्हा ब्रिटनमध्ये नव्हताच.

ही गोष्ट ऐकल्यावर माझी बहीण उठून स्वयंपाकघरात गेली. तिला काय वाटले असेल ते मी समजू शकतो. पण मी पुढेही विचारले, कारण आता हा विषय परका राहिलेला नाही. ज्या होटगी रस्त्यावरच्या विमानतळाची आपण वर्षानुवर्षे वाट पाहिली, ज्यासाठी साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली गेली, तिथून जून २०२५ मध्ये गोव्याची विमानसेवा सुरू झाली. ते विमान एटीआर-७२, दोन इंजिनांचे, पंख्यांचे. याच जातीच्या विमानाला ४ फेब्रुवारी २०१५ रोजी तैपेई येथे अपघात झाला. उड्डाणानंतर लगेच यंत्रणेतल्या बिघाडाने उजव्या इंजिनाची पाती आपोआप उभी झाली आणि त्याची ओढ गेली. आणि मुख्य वैमानिकाने चालू असलेले डावे इंजिन बंद केले. ५८ पैकी ४३ जण गेले. विमान आधुनिक होते, पडदे झळझळीत होते. चुकली ती पहिल्या पंधरा-वीस तासांत शिकायची गोष्ट: ओळखा, खात्री करा, मगच बंद करा. एटीआर हे जगभर वापरले जाणारे चांगले विमान आहे, त्याची भीती घालण्याचा हेतू नाही. सांगायचा मुद्दा इतकाच, की यंत्र कितीही शहाणे झाले तरी कोणते इंजिन बंद करायचे हे माणूसच ठरवतो.

यावर दोन मते मी ऐकली आहेत. एक मत म्हणते, मुलांना जुन्याच विमानांवर शिकवा. सहा लिव्हर हाताळल्याशिवाय वैमानिक होत नाही. मला हे पटत नाही. चेतकवर शिकलो म्हणून मी नव्या स्कूटरवर सुरक्षित नव्हतो. उलट चेतकनेच मला पाडले. जुन्याचे गोडवे गाणारे आपल्या काळातले अपघात सोयीस्कर विसरतात. नव्या विमानातला स्पष्ट पडदा, सोपा क्रम, राखीव बॅटऱ्या यांनी माणसे वाचतात.

दुसरे मत म्हणते, नवे विमान सगळे स्वतः करते, मग जुन्याचा अभ्यास कशाला? हे मत अधिक धोक्याचे, कारण ते जाहिरातीत शोभते. भाचीचा प्रवेश घेण्यापूर्वी मी आणि मेहुणे काही शाळा पाहून आलो. एका ठिकाणी आम्हाला वातानुकूलित वर्ग दाखवले, नवी कोरी विमाने दाखवली, पडद्यांवर बोट ठेवून फोटो काढू दिले. मी विचारले, ‘जुन्या आणि नव्या विमानातला फरक मुलांना कसा शिकवता? किती तास?’ दाखवणारे गृहस्थ हसले. म्हणाले, ‘सर, विमान तेच आहे. फक्त इंजिन बदललंय.’

फक्त इंजिन! दोन इंजिनांच्या विमानात फक्त इंजिन बदलले, हे वाक्य मला अजून झोपू देत नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे. जुने शिकवा की नवे शिकवा, हा प्रश्नच चुकीचा आहे. दोहोंमधला फरक शिकवा, आणि तो वेगळा विषय म्हणून शिकवा. विमानशास्त्रात त्याला नावही आहे, ‘डिफरन्सेस ट्रेनिंग’. मोठ्या विमान कंपन्यांना तो नियमच आहे. ज्या शाळेत एकाच नावाची दोन तऱ्हेची विमाने उभी आहेत, तिथे तो आणखी जिव्हाळ्याने व्हायला हवा. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून, आकडे मुलांकडून पाठ करवून घेऊन, आणि जमिनीवर उभ्या विमानात बसवून हात-पाय बदलेपर्यंत. त्याला इंधन लागत नाही. लागतो तो शिक्षकाचा वेळ, आणि वेळ देणाऱ्या शिक्षकाला पगार.

आणि पालकांनाही सांगावेसे वाटते. पोटाला चिमटा घेऊन आपण लाखो रुपये भरतो. शाळेत गेल्यावर विमान किती नवे आहे हे जरूर विचारा. पण त्याच्यापुढे विचारा: दोन इंजिनांचे तास माझ्या मुलीला एकाच तऱ्हेच्या विमानावर मिळणार की जे मोकळे असेल त्यावर? एक इंजिन बंद करून सराव किती वेळा होतो, आणि सिम्युलेटरवर किती? विमान बदलले की शिक्षक किती तास बसवून समजावतो? आपल्याला विमानातले कळत नाही म्हणून गप्प बसू नका. केगवर्थच्या प्रवाशांनाही वाटले होते, पुढे बसलेल्यांना आपल्यापेक्षा जास्त कळते.

दिवाळी संपली. निघायच्या आदल्या संध्याकाळी भाची मला अंगणात घेऊन गेली. माझी स्कूटर स्टँडवर उभी होती. ‘मामा, बसा,’ ती म्हणाली. ‘आता डोळे मिटा. पुढचा ब्रेक?’ मी उजवी मूठ आवळली. ‘मागचा?’ माझा पाय हलला. चार वर्षांनंतरही हलला! ती हसली नाही. ‘परत,’ म्हणाली. ‘आम्ही विमानात असेच करतो. इंजिन बंद, डोळे बंद, आणि हाताने एकेक वस्तू शोधायची. ती दिसायच्या आधी सापडली पाहिजे.’

वीस-पंचवीस वेळा तिने माझ्याकडून ते करवून घेतले. बहीण दारात उभी राहून पाहत होती. शेवटी पाय जागचा हलला नाही, डावा हातच आवळला गेला. ‘आता रोज सकाळी पाच वेळा,’ भाची म्हणाली, ‘विसरायचे नाही.’

मी रोज सकाळी करतो. शेजारी हसतात. हसू देत.